सुरे लपवण्याचा सण

माझ्या बायकोला माझ्या मायनं पहिल्यांदा मारलं ते झाडूनं. लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. सकाळची सातची वेळ, माघाची थंडी, आणि घरात कुणी झाडलेलं नव्हतं, सडा पडलेला नव्हता. माय अंगणातून आत आली, कोपऱ्यात उभा केलेला शिंदीचा झाडू उचलला आणि तिच्या हातात दिला. तिनं तो परत कोपऱ्यात ठेवला. मायनं पुन्हा उचलला आणि या वेळी तिच्या खांद्यावर, पाठीवर, मानेवर मारला. तीनदा. चौथ्यांदा हात उठला तेव्हा माझ्या बायकोनं तिचं मनगट पकडलं आणि सोडलंच नाही.

"आज नहीं," ती म्हणाली. "कल जितना बोलोगे उतना झाडूंगी. आज नहीं."

मी दारात दात घासत उभा होतो. तोंडात फेस होता आणि मी काही बोललो नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बरंच काही केलं आणि त्याचं लोक कौतुकही करतात.

बायको कलकत्त्याची, टांगरा भागातली. तिचा पणजोबा चीनमधून आला, चामड्याच्या कामात शिरला. आजोबा, बाप आणि ती कलकत्त्यातच जन्मली. मी तुमसरच्या गिरणीचा तांदूळ घेऊन जाणाऱ्या ट्रकवर होतो. एकदा गाडी तिकडे महिनाभर अडकली, तर तिच्या बापाच्या सॉसच्या कारखान्यात मिरच्यांची पोती वाहायला लागलो आणि दोन वर्षं तिथंच राहिलो. आमचं कळल्यावर तिच्या थोरल्या भावानं माझ्या नाकाचं हाड मोडलं. तिसऱ्या महिन्यात लग्नाच्या पंगतीत त्यानंच मला आग्रह करून चिकन वाढलं. नाक अजून थोडं डावीकडे आहे.

तर ती सकाळ तिच्या नव्या वर्षाची होती. तिच्या माणसांचं वर्ष चंद्रावर चालतं, आपल्या माघाच्या आगेमागे लागतं. आदल्या दिवशी घर धुऊनपुसून लख्ख करायचं आणि पहिल्या दिवशी झाडू हातात धरायचा नाही. धरला तर घरात आलेलं नशीब केरासोबत बाहेर जातं. केस धुवायचे नाहीत. आणि पातं असलेली कुठलीही वस्तू बाहेर काढायची नाही. सुरी, कात्री, काहीच नाही. नशीब कापलं जातं म्हणतात. आदल्या संध्याकाळी तिनं आमची भाजी चिरायची पावशी, तीन विळे, कुऱ्हाड आणि कलकत्त्याहून आणलेला रुंद पात्याचा सुरा पोत्यात गुंडाळून कुठेतरी ठेवून दिला होता. त्या दिवशीच्या स्वयंपाकाचं सगळं कापणं-चिरणं तिनं आदल्या दिवशीच उरकलेलं होतं. मायच्या हे लक्षात आलं ते कांदा चिरायला बसल्यावर. सणाच्या दिवशी न झाडलेलं घर आणि गायब झालेली पावशी! मायच्या हिशेबात ही साक्षात अवदसा होती.

मार खाऊन ती दिवसभर रडली नाही. मला वाटलं, दगडाची आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे ती न्हाणीत बसून पोटभर रडली. विचारलं तर म्हणाली, "पहले दिन रोओ तो सालभर रोना पडता है."

मायनं ते ऐकलं. दुपारी जेवताना तिनं आदल्या दिवसाचा मासा मागितला. नव्या वर्षाला मासा अख्खा शिजवतात, डोक्या-शेपटीसकट, आणि सगळा संपवत नाहीत. उरला की घरात वर्षभर उरतं. आमच्या तलावातला रोहू होता, ढिवराकडूनच साफ करून आणलेला, आलं आणि कांद्याची पात घालून वाफवलेला. मायनं डोकं चोखून खाल्लं आणि म्हणाली, "तिखट नाही, तेल नाही, तरी लागते." मग जरा वेळानं, "अवं, तुले बाहेर झाडाचं नसंल तं आत झाड. कचरा कोपऱ्यात ठेव, उद्या फेकू. त्यात काय?"

पुढच्या वर्षीपासून तसंच झालं. माय उंबऱ्याकडून आत, देवघराच्या कोपऱ्याकडे झाडायची. गावातल्या बायांना ती ऐटीत सांगायची, "आमच्या इथं दोन नवे वर्षं असतात."

चार-पाच वर्षं अशी चांगली गेली. बायकोनं गावच्या बुरडाकडून वाफेच्या टोपल्या विणून घेतल्या. पत्ताकोबी, चिकन आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, भरून ती छोट्या पुऱ्या मोदकासारख्या चुण्या घालून बंद करायची. माय त्यांना वाफेच्या करंज्या म्हणायची. चिकट तांदळाचं पीठ तिची बहीण पार्सलनं पाठवायची. गुळाच्या पाण्यात ते कालवून चार-पाच तास वाफवलं की तपकिरी, चकाकणारा गोळा तयार व्हायचा. तो दातांना असा चिकटायचा की बोलता यायचं नाही. संत्री मात्र नागपूरची. त्याबाबतीत तिच्या बापानंही मान्य केलं होतं की आमचं घर वरचढ आहे. आमची मुलगी झाली, तिला लाल पाकिटात दहाची कोरी नोट मिळायची. तुमसरच्या चौकात आमची चायनीजची गाडी चालायची. गाडीवरच्या लालभडक नूडल्स बायको स्वतः कधी खात नसे. "ये चीन का नहीं, ये तुमसर का है," ती हसून म्हणायची.

माझा मोठा भाऊ आमच्या शेजारच्याच घरात राहायचा. बाप गेला तेव्हा मी सात वर्षांचा आणि तो सोळाचा. त्यानं मला वाढवलं, आणि वाढवताना भरपूर मारलं. चिखलात नांगर नीट धरला नाही म्हणून, शाळा चुकवली म्हणून, कधी नुसताच. मला त्याचा राग नव्हता. मला वाटायचं, असंच असतं. माझ्या बायकोशी तो कधी धड बोलला नाही, पण करंज्या चार जास्तच खायचा.

त्याचा मुलगा फौजेत. चीनच्या सीमेवर मारामारी झाली, आपले जवान गेले, त्या उन्हाळ्यात तो वर बर्फात होता. तीन आठवडे त्याचा फोन लागला नाही. भाऊ रोज सकाळी बांधावर जाऊन उभा राहायचा, कारण तिथं रेंज यायची. पोरगा जिवंत होता, पण पुढे हिवाळ्यात त्याच्या पायाची दोन बोटं थंडीनं गेली आणि ज्याच्यासोबत तो एका ताटात जेवायचा तो मित्र परत आला नाही. हे सांगायचं मी विसरलो तर भाऊ नुसता राक्षस वाटेल, आणि तो राक्षस नव्हता.

त्याच उन्हाळ्यात आमची गाडी फुटली. चौकात चायनीजच्या सहा गाड्या होत्या, सगळ्यांच्या पाट्यांवर ड्रॅगन होता. फोडली फक्त आमची. दहा-बारा माणसं होती. त्यातल्या निम्म्यांना मी नावानं ओळखत होतो, कोणाला तिखट जास्त लागतं तेही मला ठाऊक होतं. काचा फोडल्या, सिलिंडर गटारात लोटला, आणि कढई लाथेनं उडवली तेव्हा उकळतं तेल माझ्या उजव्या हातावर आलं. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सालीसारखी सुटली. बायको नेमकी त्या दिवशी घरी होती. एकानं मला विचारलं, "कुठी आहे तुई चिनी?" मी म्हणालो, "ती कलकत्त्याची आहे." त्यानं माझ्या तोंडावर ठोसा मारला आणि म्हणाला, "मले भूगोल शिकवतं का?"

त्या वर्षीचा हिवाळा आला तसं मी तिला म्हणालो, यंदा राहू दे.

ती तांदूळ निवडत होती. "माह्या आजोबाले बासष्टच्या चीनच्या लढाईत उचलून नेलं होतं," ती म्हणाली. एव्हाना ती आमच्यासारखीच बोलायला लागली होती. "राजस्थानात, छावणीत. अख्खं घरच नेलं. तिथं पण त्यानं नवं वर्ष केलं. पिठाच्या चार गोळ्या पाण्यात उकळून सगळ्याईनं खाल्ल्या. मी तं माह्या घरात आहो."

शेवटी ठरलं की फटाके नाहीत, दारावर लाल कागद नाही, जे काय करायचं ते आत. आदल्या संध्याकाळी तिनं नेहमीसारखी सगळी पाती गोळा करून लपवली. सकाळी उठलो तर बाहेरच्या चौकटीवर लाल कागद! मायनं चिकटवला होता, गव्हाच्या खळीनं. मी काढायला गेलो तर माझ्या हातावर फटका बसला. "दरवर्षी लागते तं लागते," माय म्हणाली. "माह्या दारावर काय लावाचं ते मले गाव सांगंल का?"

नऊच्या सुमारास भाऊ आला. उन्हाळी धानाची रोवणी चालू होती. तो चिखलाच्या पायांनी थेट धानाच्या बांधीतून आला होता. मागे सात-आठ जण. सकाळपासून प्यायलेले दोघं-तिघं होते. भाऊ प्यायलेला नव्हता. त्यानं दारावरचा कागद फाडला, चुरगळला आणि आत आला.

"माह्या पोराचा पाय सडून राहिला," तो म्हणाला, "अन् तुम्ही सण करून राहिले?"

माय म्हणाली, "हे पोट्टी लढाईले गेली होती का रे?"

त्यानं मायकडे पाहिलंच नाही. चुलीवर गंज होता, पाण्यानं भरलेलं मोठं पातेलं, त्यावर टोपल्यांची उतरंड रचलेली होती. त्यानं वरच्या टोपल्या हातानं उडवल्या. करंज्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर घरंगळल्या. माशाचं ताट भिंतीवर आदळलं. मग त्यानं माझ्या बायकोचे केस धरले, वळसा घालून मुठीत, आणि तिला फरफटत अंगणात नेलं. माझी मुलगी ओरडत होती. बायको ओरडत नव्हती. तिनं दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं होतं, मायचं धरलं होतं तसंच, पण भाऊ मजबूत होता. बाहेरच्या माणसांपैकी एकानं तिच्या कमरेत लाथ मारली. दुसऱ्यानं पायातली चप्पल काढली.

मी आत धावलो. कुणाला वाटलं मी पळालो. मी कुऱ्हाडीसाठी धावलो होतो.

खोटं बोलत नाही. मला भावाला जिवे मारायचं होतं. धमकावणं, सोडवणं, असलं काही डोक्यात नव्हतं. त्याच्या मानेचा मागचा भाग मला दिसत होता, जिथं लहानपणी त्याच्या खांद्यावर बसल्यावर मी हात ठेवायचो. तिथंच मला मारायचं होतं. खुंटीवर कुऱ्हाड नव्हती. पावशी नव्हती. छपरात खोचलेले विळे नव्हते. मी फडताळ उलटं केलं. सरपण उपसलं. बांबूच्या ढोलीत धान होतं, त्यात खांद्यापर्यंत हात घालून चाचपडलो. नुसतं धान. बाहेरून मारल्याचे आवाज येत होते आणि माझ्या घरात एकही पातं सापडत नव्हतं. मी रडत होतो आणि बायकोला शिव्या देत होतो.

शेवटी हातात मुसळ आलं.

अंगणात आलो आणि पहिला घाव भावाच्या उजव्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला हातात जाणवला, कानात नंतर आला. त्याच्या मुठीतून केस सुटले. तो वळला, त्याच्या तोंडावर राग नव्हता, नवल होतं. सबंध आयुष्यात मी त्याच्यावर हात उचलला नव्हता. दुसरा घाव कोपरावर. तो खाली बसला. मी मुसळ तिसऱ्यांदा उचललं, आणि या वेळी डोक्यावर नेम होता.

तेवढ्यात पायांवर आग झाली. मायनं चुलीवरचा गंज, उकळत्या पाण्यासकट, पदरानं धरून दारात आणला होता आणि सरळ आमच्या पायांवर ओतला. माझ्या, भावाच्या, लाथ मारणाऱ्याच्या, सगळ्यांच्या. भेदभाव केला नाही. माणसं नाचल्यासारखी उड्या मारत मागे सरकली. मुसळ माझ्या हातून पडलं.

माय रिकामा गंज घेऊन उभी होती. तिचे तळहात भाजून पांढरे पडले होते. "आणखीन पाणी आहे," ती म्हणाली. "चूल पेटली आहे. कोनाले पाह्यजे?"

कुणालाच नको होतं. ते गेले. जाताना एकानं आमचं तुळशीवृंदावन लाथेनं पाडलं, म्हणजे ते नेमके कोणासाठी आले होते, कोण जाणे.

भाऊ अंगणात बसून होता, हात विचित्र कोनात. माझी बायको उठली. तिच्या डोक्याची कातडी एका जागी केसांसकट निघाली होती, रक्त कानावरून गळत होतं. ती त्याच्याजवळ गेली, दोरीवरची ओढणी घेतली आणि त्याचा हात छातीशी बांधायला लागली. त्यानं डाव्या हातानं तिला ढकललं. तिनं त्याच्या तोंडात मारली, चांगली जोरात, आणि पुन्हा बांधायला लागली. मग माझ्याकडे पाहून ओरडली, "पाहून काय राहिला? ट्रॅक्टर काढ!"

ट्रॉलीत सगळेच बसले होते. भाऊ, माय, बायको, मुलगी. ट्रॅक्टर मी चालवत होतो, भाजलेल्या पायानं क्लच दाबत. दवाखान्यात भावानं ट्रॅक्टरवरून पडलो असं लिहून दिलं. माझ्यावरच्या मायेनं नाही. चौकशी झाली असती तर आलेल्या सगळ्यांचीच नावं निघाली असती. बायकोनं काही लिहून दिलं नाही. "काय लिहू?" ती म्हणाली. "जेठानं मारलं, हे लिहू का चिनी म्हणून मारलं, हे लिहू?"

आठवड्यानं मी तिला विचारलं, कुऱ्हाड कुठे होती. ढोलीतच होती. माझा हात पोचला त्याच्या वीतभर खाली. दरवर्षी ती तिथंच ठेवायची. तिनं मला काही शिकवलं नाही, की बघ कसं वाचलास. ती फक्त म्हणाली, "मलेही माराचंच होतं त्याले. हात केस सोडवण्यात अडकले होते म्हून राहिलं."

आम्ही गाव सोडलं. आता तुमसरला एका गिरणीच्या मागे दोन खोल्या आहेत. गिरणीतल्या हमालांसाठी खानावळ चालवतो. वरण, भात, भाजी, आणि रविवारी वाफेच्या करंज्या, याच नावानं. पाटीवर चायनीज लिहिलेलं नाही. माय आमच्याकडेच असते. तिची बोटं आता पुरती मिटत नाहीत. गावातून कोणी आलं तर ती भावाची विचारपूस करते आणि मग दिवसभर चिडचिड करते.

यंदाच्या नव्या वर्षाला दुपारी वहिनी ऑटोनं आली, भावाची बायको. चार वर्षांत पहिल्यांदा. सोबत चिन्नोर तांदळाची पिशवी होती. तिनं करंज्या खाल्ल्या, गुळाचा चिकट गोळा खाल्ला, दात चिकटले म्हणून हसलीसुद्धा. निघताना चप्पल घालता घालता म्हणाली, "त्याईचा हात तोंडापरेंत जात नाही. मलेच चारून द्या लागते. लेकराले चारल्यावानी." तक्रारीचा सूर नव्हता. माझ्या बायकोनं डबा भरला आणि माझ्या हातात दिला. "ऑटोत बस," ती मला म्हणाली.

भाऊ ओट्यावर होता. म्हातारा झालाय. मला पाहून उठला, डाव्या हातानं माझी कॉलर धरली आणि मला भिंतीवर आपटलं. डोकं खुंटीवर लागलं. पुन्हा आपटलं. मी हात उचलले नाहीत. त्याचा श्वास माझ्या तोंडावर येत होता, विडीचा, आणि उजवा हात त्याच्या बाजूला नुसता लोंबत होता. वहिनी मधे पडली नाही. किती वेळ गेला माहीत नाही. मग त्यानं कॉलर सोडली, ओट्यावर बसला आणि डब्याकडे पाहिलं.

"माय बरी आहे का?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं, बरी आहे. वहिनीनं डबा उघडला. पहिली करंजी तिनं त्याला भरवली, दुसरी मी भरवली. त्यानं ती खाल्ली. पोरगा आता पुण्यात पहारेकऱ्याची नोकरी करतो, एवढं वहिनीनं सांगितलं.

घरी आलो तेव्हा डोक्यामागे टेंगूळ आलं होतं. बायकोनं हळद लावली, बोटानं जरा जास्तच दाबून. काय झालं ते मी सांगितलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "तेवढं त्याचं आपल्याकडे निघतच होतं." आणि रात्रीच्या पंगतीचं पीठ मळायला बसली. पन्नास माणसं जेवायला यायची होती.